दाव्याचा माग

तेलंगणात पट्टादार शेतकरी वारला, तर दहा दिवसांच्या आत त्याच्या नॉमिनीच्या खात्यात पाच लाख रुपये पडावेत, अशी सोय 15 ऑगस्ट 2018 पासून आहे. योजनेचं नाव रैतू बीमा. हप्ता राज्य सरकार भरतं, विमा एलआयसीचा. पहिल्या वर्षी शेतकऱ्यामागे 2271 रुपये 50 पैसे हप्ता होता. वय 18 ते 59 आणि जमिनीचं पासबुक नावावर, एवढ्याच मुख्य अटी. मृत्यूचं कारण कोणतंही चालतं. आदिलाबादसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. विम्यातली लबाडी कुठे उगवते आणि ती कशी पकडतात, हे समजून घ्यायलाही सुरुवात तिथूनच करावी लागते.

पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेलं की चित्र बदलतं. महाराष्ट्रातली शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना अपघाताची आहे. मृत्यूला दोन लाख मिळतात, पण मृत्यू अपघाती ठरावा लागतो. वीज पडली, साप चावला, फवारताना विषबाधा झाली, तर दावा बसतो. आत्महत्येला बसत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. अशा प्रत्येक मृत्यूत कागदावर एकच प्रश्न उरतो: औषध अंगावर उडालं की पोटात गेलं? मग शवविच्छेदनाचा अहवाल बघायचा, जठरातला अंश बघायचा, व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवायचा, फवारणीचा पंप आणि डबा कुठे सापडला ते पंचनाम्यात शोधायचं. नवरा जाऊन आठवडा झालेला नसतो आणि बायकोला विचारलं जातं की त्या दिवशी घरात भांडण झालं होतं का.

नदीच्या दक्षिणेला त्याच औषधाने तसाच मृत्यू झाला, तर रैतू बीमासाठी हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण विचारण्याचं कारणच नाही. खोटं नेहमी अटीला चिकटून जन्मतं. अपघाताची अट असली की मृत्यूचं कारण बनावट होतं, वयाची असली की जन्मतारीख बदलते, जमिनीची असली की सातबारा नाहीतर पासबुक खोटं निघतं. म्हणून मुरलेला तपासनीस दाव्याची फाइल हातात आली की आधी पॉलिसीच्या अटी वाचतो. पैसे कोणत्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत ते शोधतो आणि तेवढी गोष्ट उलटीसुलटी करून पाहतो.

रैतू बीमात कारण गेलं, तरी तीन गोष्टी उरल्या: माणूस खरंच मेला का, तो हाच का, आणि त्याचं वय तेवढंच का. या तिन्हींची खात्री करायची ती कृषी विस्तार अधिकाऱ्याने, म्हणजे ज्याला सगळे ‘एईओ’ म्हणतात त्याने. दहा दिवसांची मुदत पाळायची तर दुसरा तपास व्हायला वेळच नाही. 2024 मध्ये सायबराबाद पोलिसांनी रंगारेड्डी जिल्ह्यातल्या कोंदुर्ग मंडलाच्या एका विस्तार अधिकाऱ्याला अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने जिवंत शेतकऱ्यांना कागदोपत्री मारून वीस दावे उचलले होते. दावा पाच लाखांचा, म्हणजे हिशेब एक कोटीचा. ज्याच्या सहीवर सगळी साखळी विश्वास टाकत होती, तोच आरोपी निघाला. विमा नियामक आयआरडीएआयने 2013 मध्ये फसवणुकीवर नजर ठेवायची चौकट घालून दिली तेव्हा तीन वर्ग केले होते: पॉलिसीधारकाची फसवणूक, मध्यस्थाची फसवणूक आणि कंपनीच्या आतली फसवणूक. चर्चा सहसा पहिल्या वर्गाची होते. माझ्या मते जास्त नुकसान बाकीच्या दोन वर्गांत होतं, कारण एकटा माणूस एक दावा खोटा करू शकतो. शिक्का ज्याच्या हातात आहे तो वीस करू शकतो.

आता नेहमीच्या आयुर्विम्याकडे वळू. इथे पहिली चाळणी तारखेची. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर शाखेत त्याला ‘अर्ली क्लेम’ म्हणतात आणि फाइल वेगळ्या टेबलावर जाते. याला कायद्याचा आधार आहे. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45 सन 2015 मध्ये बदललं. त्यानुसार पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून तीन वर्षं उलटली, की कंपनीला प्रपोजल फॉर्ममधल्या खोट्या माहितीवर बोट ठेवून ती पॉलिसी मोडता येत नाही, अगदी फसवणुकीच्या कारणावरूनही नाही. तेव्हा जे शोधायचं ते या तीन वर्षांत. मात्र माणूस मेलाच नसेल, तर कलम 45 चं संरक्षण लागूच होत नाही. दावाच उद्भवत नाही.

अर्ली क्लेमला एलआयसीचे जे फॉर्म लागतात, ते एकदा शांतपणे वाचावेत असे आहेत. ‘ए’ फॉर्म दावेदाराचा. ‘बी’ शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरचा, ‘बी-1’ दवाखान्याचा. ‘सी’ अंत्यविधीचा: देह पाहिलेल्या, माणसाला ओळखणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीने तो भरायचा. ‘ई’ मालकाचा, माणूस नोकरीत असेल तर. त्यात रजेचा तपशील येतो. पाच वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचा फॉर्म न बघता, एकाच मृत्यूबद्दल लिहायचं अशी ही रचना आहे. खरं असेल तर पाची फॉर्म थोडे विसंगत असतात, कारण माणसांच्या आठवणी विसंगत असतात. पाचही ठिकाणी तेच शब्द, तीच शाई आणि तेच वळण दिसलं, की तपासनीस बॅग उचलून गावी निघतो.

गावी गेल्यावर तो घरी आधी जात नाही. ग्रामपंचायतीत जातो आणि मृत्यूची नोंदवही मागतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याने मृत्यू 21 दिवसांत नोंदवायचा असतो. त्यानंतर महिनाभरापर्यंत उशिराची फी भरून, पुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद होते. तपासनीस नोंदीचा अनुक्रमांक बघतो, मग तिच्या आधीची आणि नंतरची नोंद बघतो. आधीची 4 तारखेची, नंतरची 9 ची आणि मधली 21 ची असेल, तर ती मागाहून घुसवलेली असते. दोन ओळींच्या मधल्या जागेत लिहिलेली नोंद, पानावर एकाच नोंदीला वेगळं पेन, प्रमाणपत्रावर एक तारीख आणि वहीत दुसरी, असं बरंच काही त्या एका पानावर दिसतं.

मग चहाच्या टपरीवर. आशा ताई, अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार, रोजगार हमीचा हजेरीपट. मेल्यानंतर पंधरा दिवसांनी कोणी रोहयोच्या कामावर अंगठा लावला असेल, किंवा रेशनच्या यंत्रावर बोट ठेवून धान्य उचललं असेल, तर पुढे विचारायला काही उरत नाही. तेराव्याला जेवायला कोण होतं, हाही साधा प्रश्न आहे. खेड्यात तेरावं लपवता येत नाही.

अशाच साध्या प्रश्नातून अकोले तालुक्यातल्या राजूरचं प्रकरण उलगडलं. 22 एप्रिल 2021 ला अमेरिकेहून परतलेला एक गृहस्थ सर्पदंशाने वारल्याची खबर राजूर पोलिसांकडे आली. पुतण्याने देह ओळखला, शवविच्छेदन झालं, अंत्यसंस्कार झाले. अमेरिकेतल्या कंपनीकडे 50 लाख डॉलरचा दावा गेला. कंपनीला शंका आली ती जुन्या फाइलवरून: याच माणसाने 2017 मध्ये बायको जिवंत असताना तिच्या मृत्यूचा दावा केल्याचं त्यांच्या नोंदीत होतं. त्यांची माणसं अहमदनगरला आली. पोलीस शेजाऱ्याकडे गेले. शेजारी म्हणाला, साप चावल्याचं काही ऐकलं नाही, एकदा रुग्णवाहिका आलेली पाहिली. मग फोनचे तपशील काढले आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो पुतण्या म्हणजे स्वतः ‘मृत’ गृहस्थच निघाला. ऑक्टोबरमध्ये अटक झाली. ज्याचा अंत्यविधी झाला तो एक निराधार, मनोरुग्ण माणूस होता. साथीदारांच्या मदतीने नाग मिळवून त्याला दंश करवला, असा आरोप आहे.

दोन वर्षांच्या आत तेलंगणातही तसंच घडलं. 9 जानेवारी 2023 ला मेडक जिल्ह्यात टेकमाल मंडलातल्या वेंकटापूरजवळ जळून खाक झालेली कार सापडली, आत एक देह. गाडी हैदराबादच्या सचिवालयातल्या एका अधिकाऱ्याची, त्यामुळे तोच गेला असं सगळ्यांनी धरलं. पण गाडीजवळ पेट्रोलची बाटली होती. अपघाताने पेटलेल्या गाडीजवळ ती का असावी, इथून तपास फिरला आणि घरच्यांशी झालेल्या फोनच्या संपर्कावरून पोलीस थेट पुण्यात पोहोचले. साहेब तिथे जिवंत होते. ऑनलाइन ट्रेडिंगमध्ये मोठं नुकसान, त्यानंतर घेतलेल्या पॉलिसी, विम्याची एकूण रक्कम सात कोटींच्या वर, असं पोलिसांनी सांगितलं. देह होता तो निजामाबादहून कामाच्या बोलीवर आणलेल्या एका माणसाचा.

दोन्ही घटनांत बळी असा निवडला गेला, ज्याच्या नाहीसं होण्याची तक्रार कोणी करणार नाही. विम्याच्या फसवणुकीला कागदावरचा गुन्हा समजून हलकं घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ओळख पटवणारा एकच नातेवाईक असेल आणि देह ओळखू येत नसेल, तर आसपासच्या पोलीस ठाण्यांतल्या बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी पाहणं आणि डीएनए तपासणी मागणं, हे कंपनीने स्वतःचे पैसे वाचवण्यापलीकडचं कर्तव्य मानलं पाहिजे. उत्तर प्रदेशात संभल पोलिसांनी 2025 मध्ये ज्या टोळीचा छडा लावला, तिची रीत आणखी वेगळी होती: मरणाला टेकलेले गरीब रुग्ण शोधायचे, त्यांच्या नावाने पॉलिसी काढायच्या, हप्ते टोळीने भरायचे. अशा वेळी तपासनीस एकच प्रश्न धरून बसतो. रोजंदारीवरच्या माणसाचा एवढा हप्ता कोणाच्या खात्यातून गेला?

आता कंपन्यांकडे माणसांच्या आधी संगणक फाइल बघतो. विमा कंपन्यांची माहिती एकत्र करणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ही संस्था हैदराबादेत आहे; एकाच माणसाने सहा कंपन्यांत एका महिन्यात पॉलिसी घेतल्या, तर ते अशा एकत्र माहितीत दिसतं. एकच मोबाइल नंबर दहा दाव्यांत, एकच बँक खाते वेगवेगळ्या गावांच्या नॉमिनींचं, एकाच डॉक्टरची प्रमाणपत्रं, असे धागे यंत्र पटकन जोडतं. मोटार विम्यातही हेच. अपघात हैदराबादेजवळ झाला असा दावा आणि त्याच रात्री गाडीच्या फास्टॅगची नोंद राष्ट्रीय महामार्ग 44 वर पिप्पलवाडा टोलनाक्यावर, तर गाडीचा वेगळा तपास करावा लागत नाही. ठरावीक मर्यादेहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. मोटारीसाठी ती मर्यादा 50 हजार रुपयांची आहे.

पण यंत्राने लाल केलेली ओळ म्हणजे पुरावा नव्हे. 2023 मध्ये कॅगने आयुष्मान भारत योजनेच्या अहवालात दाखवून दिलं की 7 लाख 49 हजार 820 लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर आहे: 9999999999. देशभर गाजलं. सरकारचं उत्तर असं की पात्रता ठरवायला मोबाइल नंबर वापरतच नाहीत. फोन नसलेल्या माणसाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून ऑपरेटर नऊ-नऊ दाबून पुढे जातो, हे नोंदणीच्या कोणत्याही केंद्रावर पाहायला मिळतं. त्या साडेसात लाखांत खरे रुग्ण होते, आणि त्यांच्याआड लपलेले खोटेही असू शकतात. दोघांना वेगळं करायला पुन्हा माणूसच पाठवावा लागतो. महाराष्ट्राच्या एक रुपयातल्या पीक विम्यात मात्र मांडणीतच खोट होती. खरीप 2023 पासून शेतकऱ्याने फक्त रुपया भरायचा आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला कंपनीकडून अर्जामागे 40 रुपये मिळायचे. अर्ज वाढले. सरकारी जमीन, देवस्थानाची जमीन, पिकाखाली नसलेली जमीन विम्यात आली आणि खरीप 2024 मध्ये चार लाखांवर अर्ज बोगस म्हणून बाजूला काढावे लागले. सातबारा, ई-पीक पाहणी आणि उपग्रहाची चित्रं एकमेकांवर ठेवून ते शोधता आले. 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. तेलंगण तर 2020 मध्येच पंतप्रधान पीक विम्यातून बाहेर पडलं होतं. त्यामुळे आदिलाबादच्या कापूसवाल्याच्या वाट्याला पिकाच्या दाव्याचा तपास आला नाही आणि दावाही आला नाही.

या जिल्ह्यात तपासनीसाची खरी परीक्षा वेगळीकडे होते. बेला, जैनद, तामसी, भीमपूर या मंडलांतल्या गावांत घरात मराठी, कचेरीत तेलुगू. किनवट आणि राजुरा 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार रचनेत ते पलीकडे गेले, सोयरिकी राहिल्या. आता एक दावा समोर धरा. माणूस शंकर मारुती जाधव. मराठी शाळेच्या टीसीवर नाव असं पूर्ण. तेलुगू पासबुकात आडनाव आधी आणि ‘ध’चा ‘द’: जादव शंकर. बँकेत नुसतं जे. शंकर. आधारच्या इंग्रजीत आडनावाच्या शेवटी व्ही. दवाखान्याचे कागद यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचे, तिथल्या कारकुनाने वऱ्हाडी पद्धतीने शेवटी ओ लावलेला. जन्मतारीख 1 जानेवारी, कारण आधार काढताना फक्त साल सांगता आलं. गावातल्या निम्म्या पन्नाशीच्या लोकांचा वाढदिवस असाच 1 जानेवारीला येतो. मृत्यू नदीपलीकडे दवाखान्यात, नोंद तिकडच्या नगरपालिकेत, प्रमाणपत्र मराठीत, दावा हैदराबादच्या कचेरीत. नोंद व्हायला महिना गेला, कारण क्रियाकर्म आटोपून मुलगा परत यवतमाळला जाईपर्यंत तेवढे दिवस गेले.

या फाइलवर यंत्र पाच लाल खुणा करतं: नाव जुळत नाही, तारीख संशयास्पद, परराज्यातला मृत्यू, उशिराची नोंद, वेगळ्या लिपीतलं प्रमाणपत्र. पाचही खुणा खऱ्या आहेत आणि दावाही खरा आहे. गोंड, कोलाम पाड्यांवर तर कागद याहून विरळ. इथे ज्याला मराठी आणि तेलुगू दोन्ही येतात, जो त्या दवाखान्याच्या भरतीच्या रजिस्टरला आयपीडी नंबर लावून बघतो, तो अर्ध्या दिवसात खात्री करून परततो. ज्याला येत नाही, तो ‘ओळखीबाबत संशय’ असा शेरा मारतो आणि विधवेच्या सहा महिन्यांच्या खेपा सुरू होतात. फसवणूक पकडण्याची कसोटी किती दावे नाकारले यावर लावली, तर दुसऱ्या प्रकारचा माणूस जास्त कामसू दिसतो. ही कसोटीच चुकीची आहे. तपासाने खरा दावा खरा ठरवला, तर तेही काम झालं, आणि मोजणीत ते धरलं गेलं पाहिजे.

दवाखान्याच्या केसपेपरचंही असंच. भरतीच्या रात्री शिकाऊ डॉक्टर घाईत लिहितो, ‘मधुमेह, 5 वर्षं’. सांगणारा कोण, तर सोबत आलेला शेजारी. पॉलिसीला तीन वर्षं झालेली नसतात, मग आजार लपवला असा निष्कर्ष निघतो. पण ती ओळ कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, त्या पाच वर्षांतलं एकतरी औषधाचं बिल किंवा रक्ताचा रिपोर्ट आहे का, हे शोधायची जबाबदारी नाकारणाऱ्या कंपनीची आहे. 2015 मध्ये महाराष्ट्रातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणूस हृदयविकाराने गेला असेल, तर त्याने पाठीच्या कण्याचा त्रास सांगितला नव्हता एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही.

नियम आता मुदतीही घालून देतात. 2024 च्या नियमांप्रमाणे तपास लागत नसेल तर मृत्यूचा दावा 15 दिवसांत आणि तपास लागत असेल तर 45 दिवसांत निकाली काढायचा असतो. उशीर झाला तर बँक दरापेक्षा दोन टक्के जादा व्याज. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. ते पत्र हातात आल्याशिवाय ‘तुमचं होणार नाही’ हे तोंडी उत्तर मान्य करू नये. पत्र आल्यावर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहायचं, महिनाभर वाट पाहायची. समाधान झालं नाही, तर नाकारल्याच्या तारखेपासून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. 50 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. आदिलाबादकरांसाठी लोकपाल हैदराबादला, पलीकडच्या यवतमाळकरांसाठी पुण्याला. जाताना नावाच्या सगळ्या रूपांचं एक प्रतिज्ञापत्र, दवाखान्याचा आयपीडी नंबर आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा एवढं तरी सोबत ठेवावं. ओळखीबाबतच्या संशयाला उत्तर द्यायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.